टेकडीच्या पानावरचं एक वाक्य

६ जानेवारी, सोमवार

अहवालात जे लिहिता येत नाही ते या वहीत लिहायचं ठरवलं आहे. अहवालात आज लिहिलं, 'पहिल्या कार्यशाळेस प्राध्यापकवर्गाचा उत्साहवर्धक प्रतिसाद.' खरं असं, की बेचाळीस जणांना पत्रं दिली होती, आले सात. दोघं चहा झाल्यावर 'तास आहे' म्हणून सटकले. एक जण चुकून आले होते, त्यांना शेजारच्या खोलीत दातांच्या तपासणीला जायचं होतं. म्हणजे राहिले चार.

एकोणीस वर्षं मी या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. पुस्तकं दिली, घेतली, शोधली, चिकटवली. आता पहिल्यांदा काहीतरी माझं म्हणावं असं काम मिळालं आहे. इथल्या शिकवणाऱ्या लोकांनी इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात लिहावं म्हणून त्यांच्या मागे लागायचं. ज्याला जे येतं ते त्याने मराठीत, फुकट, सगळ्यांसाठी लिहायचं. एवढं साधं आहे. पण अर्थशास्त्राच्या सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "याचे बढतीला गुण किती?" मी म्हटलं, शून्य. त्यांनी पेनाला टोपण लावलं. इतिहासाच्या बाई लिहायला एका पायावर तयार आहेत, पण स्वतःबद्दल. स्वतःचं पान स्वतः लिहायचं नसतं म्हटल्यावर फुरंगटून म्हणाल्या, "मग माझ्याबद्दल माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

मागच्या बाकावर भूगर्भशास्त्राचे सर होते. त्यांना सगळे खुंटीवाले सर म्हणतात, कारण पूर्वेकडच्या टेकडीवर लोखंडी खुंट्या ठोकून त्या मोजत बसणं हा त्यांचा उद्योग. तासभर वहीत काहीतरी लिहीत बसले. जाताना दारात थांबले आणि विचारलं, "चुकीचं लिहिलं तर कोण पुसतं?"

"कुणीही, सर."

"आणि बरोबर लिहिलं तर?"

मी हसले. म्हटलं, "तेही कुणीही पुसू शकतं. पण बरोबर असलेलं कोण कशाला पुसेल?"

ते हसले नाहीत.

१४ जानेवारी, मंगळवार

सरांच्या प्रयोगशाळेत जाऊन आले. आत शिरायलाच जागा नाही. दगड, दगडांखाली कागद, कागदांखाली आणखी दगड. भिंतीवर टेकडीचा नकाशा आणि त्यावर चोवीस लाल टिंबं, प्रत्येक टिंबाला नंबर. अकरा वर्षं हा माणूस दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टेकडीवर जातो आणि प्रत्येक खुंटी मूळ जागेपासून किती सरकली ते वहीत लिहितो. आधीची आठ वर्षं वहीत जवळपास काही नाही. तीन वर्षांपूर्वी टेकडीवरच्या नव्या घरांच्या वसाहतीच्या रस्त्यासाठी टेकडीचा पायथा खोदला, तिथून आकडे फुगायला लागले. नगरपालिकेला त्यांनी तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं, 'नोंद घेतली आहे.'

मी त्यांना माझं नेहमीचं सांगितलं, पण आज मनापासून. म्हटलं, "सर, तुमचं जर्नल जगात पन्नास माणसं वाचणार. घर घेणारा माणूस जर्नल वाचतो का? तो मोबाईलवर टेकडीचं नाव टाकतो आणि पहिलं जे पान येतं ते वाचतो. ते पान आज रिकामं आहे. तुम्ही नाही लिहिलं तर दुसरं कुणीतरी लिहील."

भिंतीवरच्या नकाशाकडे वळले. मग म्हणाले, "हे मात्र मला पटलं."

नंतर चहा घेताना खुलले. म्हणाले, "टेकडी एकदम कधी पडत नाही, बाई. आधी सांगते. झाडांचे बुंधे खालून वाकतात. कुंपणाच्या तारा ताणल्या जातात. घरांची दारं अडकायला लागतात. मग कधी नव्हे तिथे झरा फुटतो. आणि तो झरा एक दिवस अचानक आटला की समजायचं, तिचं सांगून संपलं." मला फार आवडलं हे. असं कोशात लिहिता येत नाही म्हणून इथे उतरवून ठेवलं.

२७ जानेवारी, सोमवार

झालं! सरांनी पान लिहिलं. टेकडी, तिचा खडक, माती, जुनी खाण, झाडं, शेवटी 'उताराची हालचाल' असा भाग. त्यात एक वाक्य: 'पायथ्याची खोदाई झाल्यापासून पूर्व उतार सतत खाली सरकत असून तो वस्तीयोग्य नाही.' दोन बोटांनी टाइप करतात, एकेक अक्षर शोधत. तीन दिवस लागले. शेवटी 'जतन करा'वर बोट ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना नदीत उडी मारायला सांगत होते.

मला इतका आनंद झाला की घरी जाताना आईसाठी फुलं घेतली. आई म्हणाली, "कुणाचं लग्न ठरलं?"

२ फेब्रुवारी, रविवार

धाकटा, भावजय आणि भाची चिमणी जेवायला आले होते. धाकटा म्हणजे माझा भाऊ. चाळिशी जवळ आली तरी आमच्या घरात त्याला दुसरं नाव नाही. जेवताना त्याने जाहीर केलं, "टेकडीवर घर बघितलं. तयार आहे. खिडकीतून अख्खं शहर दिसतं."

मी म्हटलं, "टेकडीवर नको. आमचे एक सर म्हणतात तो उतार सरकतोय."

धाकट्याने लगेच घास थांबवून, भुवया उंचावून विचारलं, "संदर्भ?"

सगळे हसले. मीही हसले. ही माझीच खोड त्याने माझ्यावर उलटवली. कुणी म्हणालं 'रोज लिंबू खाल्लं की डोळे सुधारतात', तर मी विचारते, संदर्भ? कुणी म्हणालं 'शेजारीण माहेरी निघून गेली', तर मी विचारते, संदर्भ? वीस वर्षं मी या घराला छळलं आहे. आता पाच वर्षांची भाचीसुद्धा विचारते. मी म्हटलं, "दूध संपव, ताकद येते," तर म्हणते, "संदर्भ, आत्या?"

धाकट्याला म्हटलं, कोशातलं पान वाच. म्हणाला, वाचतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज कुलसचिवांनी बोलावलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या खोलीतल्या खुर्चीवर बसले. पाणी आलं, चहा आला. म्हणाले, "मॅडम, तुमच्या उपक्रमाची चर्चा आहे." माझ्या खोलीसाठी दहा नवे संगणक येताहेत. टेकडीवरच्या वसाहतीची जी कंपनी आहे, तिने विद्यापीठाला भेट दिले आहेत. मी काय बोलणार? फुकट ते पौष्टिक.

निघताना म्हणाले, "एक विनंती, अन्यथा घेऊ नका. शास्त्रज्ञ मंडळी कधी कधी भावनेच्या भरात लिहितात. कोश तटस्थ राहिला पाहिजे, हे तुम्हीच सांगता ना?" मी म्हटलं, अगदी बरोबर. कुलसचिव माझा कोश वाचतात, हेच मला केवढं वाटलं.

खोकी दुपारी आली. लाकडी खोकी, खिळे इतके की शिपायाने पहार आणून उघडली. ती पहार अजून माझ्या कपाटामागेच आहे. एका खोक्यात गुळगुळीत कागदावर छापलेली एक पुस्तिकाही निघाली, 'टेकडी: निसर्ग आणि निवास'. सोबत कुलसचिवांच्या कार्यालयाची चिठ्ठी, 'ग्रंथालयात दाखल करून घ्यावी.' घेतली. शिक्का मारला, नंबर टाकला, पाठीवर चिकटपट्टी लावली, भूगर्भशास्त्राच्या फळीवर ठेवली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

टेकडीच्या पानावर एक नवा माणूस आला आहे. टोपणनाव 'वाटाड्या'. आल्या आल्या पानावरच्या शुद्धलेखनाच्या सोळा चुका दुरुस्त केल्या. मग चर्चापानावर सरांना इतक्या सभ्य भाषेत विचारलं, की मी प्रिंट काढून भिंतीवर लावणार आहे: 'उतार वस्तीयोग्य नाही या विधानास प्रकाशित संदर्भ दिसत नाही. लेखकाची स्वतःची मोजमापे हे अप्रकाशित संशोधन ठरते. उलट, उतार स्थिर असल्याचा उल्लेख पुढील प्रकाशित ग्रंथात आढळतो. अन्यथा घेऊ नये.' आणि खाली त्या पुस्तिकेचं नाव, पान क्रमांकासकट.

दाखल करून तीन दिवस झाले नाहीत, तर कुणीतरी ती पुस्तिका शोधून वाचलीसुद्धा! ग्रंथालयाचा उपयोग होतो तो असा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सर आले. हातात अकरा वह्या. टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "हा घ्या संदर्भ."

मी त्यांना समजावलं. लेख जर्नलकडे गेलेला आहे, पण तपासणीत आहे, छापून यायला वर्ष-दीड वर्ष. तोवर कोशाच्या नियमाने त्या वह्या म्हणजे काहीच नाही. आणि पुस्तिका छापलेली आहे.

"ती घरं विकणाऱ्याने छापली आहे."

"तरी छापली आहे, सर. ग्रंथालयात आहे."

"कुणी ठेवली ग्रंथालयात?"

मी वह्यांची चळत सरळ केली. ते म्हणाले, "म्हणजे मी डोळ्यांनी बघितलं ते खोटं, आणि ज्याने टेकडीवर पाय नाही ठेवला त्याचं खरं, कारण त्याच्याकडे छापखाना आहे." त्यांना राग आला नव्हता. तेच जास्त लागलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तीन रात्री नीट झोप नाही. नियम तर मीच शिकवते. भिंतीवर मीच मोठ्या अक्षरात लावला आहे: जे छापलेलं नाही ते नाही. माझ्या ओळखीचे सर म्हणून त्यांना सूट दिली तर उद्या इतिहासाच्या बाईंना कुठल्या तोंडाने अडवू? वाटाड्याने स्वतः काही खोडलं नाही, ही त्याची सभ्यता. त्याने माझ्यावर सोडलं: 'निर्णय ज्येष्ठ संपादकांनी घ्यावा.'

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी ते वाक्य काढलं. कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'संदर्भ नाही. नियम सर्वांना सारखा.' नंतर बरं वाटलं. आपलं माणूस असलं तरी नियम मोडला नाही. वाटाड्याने आभार मानले आणि त्या जागी पुस्तिकेतलं 'उतार स्थिर आहे' हे वाक्य संदर्भासकट घातलं.

सरांना सांगायचा धीर झाला नाही. त्यांनी पाहिलं असेलच.

२२ फेब्रुवारी, शनिवार

धाकट्याचा फोन. "ताई, वाचलं हं तुझं पान! पहिल्यापासून शेवटपर्यंत. तू उगाच घाबरवलंस. उतार स्थिर आहे असं चक्क लिहिलंय, खाली पुस्तकाचा संदर्भसुद्धा आहे. आम्ही आज घर नक्की केलं."

मी म्हटलं, "अरे, सर अजूनही म्हणतात..."

"सर म्हणतात ते पानावर आहे का?"

"नाही."

"मग?"

मी विषय बदलून भाचीचं विचारलं. सर अतिसावध आहेत हेही खरंच. रस्ता ओलांडताना रिकाम्या रस्त्यावर तीनदा मागे बघतात. नगरपालिकेची परवानगी आहे, कंपनीचे इंजिनियर आहेत. एवढी सगळी माणसं काय झोपली आहेत? असं मी स्वतःला सांगितलं. आईलाही सांगितलं. आई म्हणाली, "तुला मी विचारलं का काही?"

८ एप्रिल, मंगळवार

बरेच दिवस वही उघडली नाही. कोश जोरात आहे. तेवीस शिक्षक लिहिताहेत, चारशे सहा पानं. अर्थशास्त्राचे सरसुद्धा आले, कारण कुलसचिवांनी बढतीला दोन गुण जाहीर केले. कानामागून आले आणि तिखट झाले, आता मलाच स्वल्पविराम शिकवतात.

वाटाड्या म्हणजे माझा उजवा हात. शिस्त बघावी. सकाळी साडेदहाला सुरू, एक ते दोन थांबतो, साडेपाचला बंद. रविवारी नाही, सुट्टीला नाही. गेल्या आठवड्यात विद्यापीठाचा वर्धापनदिन होता, त्या दिवशीही नेमका आला नाही. या माणसाला एकदा भेटायला हवं.

खुंटीवाले सर माझ्याशी बोलत नाहीत. बोलत नाहीत म्हणजे नमस्कार करतात आणि जातात. त्यांची प्रयोगशाळा तळघरात हलवली आहे, जागेच्या अडचणीमुळे.

१ जून, रविवार

धाकट्याच्या नव्या घरी गेलो. तिसरी ओळ, कोपऱ्यावरचं. उजेड तर इतका की आईने हात डोळ्यांवर धरला. भावजयीने सगळं स्वतःच्या हाताने लावलं आहे. मसाल्याच्या बरण्यासुद्धा उंचीप्रमाणे. भाचीने मला ओढत नेऊन एक जादू दाखवली. दाराशी गोटी ठेवली की ती आपोआप घरंगळत थेट गॅलरीपर्यंत जाते. "आत्या, कुणी ढकलत नाही, बघ!" आम्ही वीस वेळा केलं.

पुढचं दार जरा घासतं. नव्या लाकडाचं होतं असं. भावजय म्हणाली, "सुताराने दोनदा रंधा मारला, ताई. लागतं, पुन्हा आठ दिवसांनी अडकतं. सुतार म्हणतो, दार वाढतंय. मी म्हटलं, लेकरू वाढतं, दार कसं वाढेल?"

हसून हसून पुरेवाट. खरंच सुंदर घर आहे. मनातली पाल उगाच चुकचुकत होती.

११ जुलै, शुक्रवार

सहा दिवस सलग पाऊस. आज खुंटीवाले सर स्वतःहून आले. ओलेचिंब. बूट दारात काढले, अनवाणी माझ्या टेबलापर्यंत आले. म्हणाले, "सतरा नंबरची खुंटी सापडत नाही."

"चोरीला गेली असेल, सर. लोखंड आहे."

"वीस आणि एकवीस पण." मग बसले. चहा मागवला, त्याला हात लावला नाही. एकदम विचारलं, "तुमचे बंधू तिकडे राहायला गेले म्हणे. कितव्या ओळीत?"

"तिसऱ्या."

त्यांनी नुसती मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. जाताना त्यांच्या फोनचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिला. माझ्याकडे तो आहे असं म्हटलं, तरी म्हणाले, असू द्या.

मला राग आला. एखाद्याच्या घराबद्दल असं सुतकी तोंड करून विचारू नये. काय ते सरळ बोलावं. मग वाटलं, सरळ बोललेच होते, जानेवारीत.

१६ जुलै, बुधवार

कुलसचिवांना म्हटलं, सरांचं एकदा ऐकून घ्यायला हवं. ते म्हणाले, "घेऊ ना, यथावकाश. पावसाळा संपू द्या." मग विषय बदलून म्हणाले, ऑगस्टच्या समारंभात मला सन्मानपत्र द्यायचं आहे, आणि मला हवं असेल तर वाटाड्यालाही, त्याच्या अनुपस्थितीत. त्याला प्रसिद्धी आवडणार नाही असं त्यांना वाटतं. माझंही तेच मत आहे.

जर्नलला मी स्वतः पत्र लिहिलं, सरांचा लेख लवकर बघा म्हणून. उत्तर आलं, दोन तपासनीसांपैकी एक सुट्टीवर आहे.

२० जुलै, रविवार

आई म्हणाली म्हणून धाकट्याकडे गेले. मला जायचं नव्हतं, का ते कळत नाही. घरामागे पायरीशी झरा फुटला आहे. स्वच्छ, गार पाणी. भावजय खूश. त्याच्यावर तिने पुदिना, गवती चहा, काय काय लावलंय. कुंपणाच्या तारेला भाचीने काठी मारली तर तार सतारीसारखी वाजली. मागच्या उतारावरची झाडं जरा वाकडी वाटली. पण मी त्यांच्याकडे कधी नीट बघितलं होतं, म्हणजे आधी सरळ होती असं म्हणू?

घरी येऊन ही वही चाळली. १४ जानेवारी. दोनदा वाचलं.

लगेच फोन केला. धाकटा म्हणाला, "दार अडकतं म्हणून घर सोडू? ताई, हप्ते चालू आहेत, चिमणीची शाळा आहे. एक कागद दाखव. एक. मी आत्ता निघतो." माझ्याकडे कागद नाही. तो मीच काढून टाकला.

सरांना विचारलं. म्हणाले, "झरा वाहतोय तोवर थोडा वेळ आहे. किती ते मला माहीत नाही. माझ्याकडे त्याचा संदर्भ नाही." हे टोचून बोलले नव्हते, तरी टोचलं.

मग काय केलं मी? घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. भावाशी भांडण नको म्हणून दोन दिवस गप्प राहायचं ठरवलं. तेवढ्यात त्याचं मन वळेल असं वाटलं.

२३ जुलै, बुधवार

वेळ घालून लिहिते. पुढे कुणी विचारलं तर लागेल.

११.२० भावजयीचा फोन, भलत्याच कामासाठी. आईच्या औषधाचं नाव हवं होतं. मी झऱ्याचं विचारलं. म्हणाली, "अहो, तो आज सकाळी एकाएकी आटला. बरंच झालं, मागे नुसता चिखल झाला होता."

११.२४ सरांना फोन. "आटला? आज?" मग फक्त, "त्यांना बाहेर काढा. मी निघालो." सायकलवरून निघाले असणार.

११.२७ धाकट्याला ऑफिसात. माझ्या आवाजाने तो आधी घाबरला. मग काय झालं ते ऐकल्यावर सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "ताई, झरा आटला ही वाईट बातमी आहे? संदर्भ?" गमतीने म्हणाला. त्याला माझा ताण कमी करायचा होता. मी ओरडले, "पान बघ! पानावर टाकते मी, दहा मिनिटांनी बघ!"

११.३१ ते वाक्य पुन्हा लिहिलं. अक्षर न अक्षर तसंच. माझ्या नावाने, संदर्भाशिवाय. भावजयीला फोन करायच्या आधी मी हे केलं, हे इथे कबूल करून ठेवते. एकोणीस वर्षांची सवय, हात आधी तिकडेच गेला.

११.४० वाटाड्याने ते काढलं. नऊ मिनिटांत.

११.४३ धाकट्याचा फोन. "बघितलं. काहीच नाही ग पानावर. उतार स्थिर आहे, तेच आहे. तू आज जरा घरी जाऊन पड." मी बदलांचा इतिहास उघडला. तेच वाक्य दोनदा काढलेलं दिसतं. आज वाटाड्याने, कारण: 'संदर्भ नाही. नियम सर्वांना सारखा. अन्यथा घेऊ नये.' आणि खाली, २० फेब्रुवारी, दुपारी ४.१०, माझं नाव. कारण तेच, फक्त शेवटचे तीन शब्द सोडून. माझंच वाक्य त्याने मला परत दिलं. तो कोण आहे ते मला ठाऊक नाही, आणि आता विचार करायला वेळही नाही.

११.४६ अग्निशमन दल. "काय झालंय?" अजून काही झालं नाही म्हटलं. "मग झाल्यावर फोन करा, बाई."

११.५० भावजय. मी म्हटलं, चिमणीला घे आणि आत्ता बाहेर पड, काही घेऊ नकोस, का ते नंतर सांगते. वाद घालेल असं वाटलं होतं. म्हणाली, "तुम्ही म्हणताय ना ताई? मग निघते."

संदर्भ विचारला नाही. त्या घरात ती एकटीच निघाली, न विचारणारी.

टेकडीवर जायला भाड्याची गाडी मागवली, पंधरा मिनिटं लागतील म्हणाले. ग्रंथालयाच्या पायरीवर उभी आहे. नुसतं उभं राहवत नाही म्हणून लिहितेय. कपाटामागून पहार घेऊन आले, का घेतली ते मला धड सांगता आलं नाही, शिपाई बघत राहिला. झाडांचे बुंधे, तारा, दारं, झरा. दारं.

१२.०२ भावजयीचा फोन. मागे भाची काहीतरी गाणं म्हणतेय. "ताई, चप्पल घालून उभ्या आहोत दोघी. पण दार आज उघडतच नाही हो. खिडक्यांना गज आहेत. काळजी करू नका, सुताराला फोन केलाय. साडेतीनपर्यंत येतो म्हणाला."

गाडी आली.